सुई टोचली की स्नायू काय बोलतो?

१९२९ साली एड्रियन आणि ब्रॉंक यांनी एक पोकळ सुई केली, आत बारीक तार. स्नायूत टोचली की तिथले विजेचे ठोके टिपायची. आणि ते त्यांनी चक्क लाउडस्पीकरवर ऐकले! म्हणजे ईएमजी ही सुरुवातीपासून कानाचीही तपासणी.

१९४७ मध्ये कुगेलबर्ग यांनी दाखवलं, की स्नायूच आजारी असेल तर लहरी बुटक्या आणि तोकड्या येतात. १९७५ मध्ये बोहान आणि पीटर यांनी पॉलिमायोसायटिस, डर्मॅटोमायोसायटिसचे पाच निकष मांडले, त्यात ईएमजी आली. सुजलेल्या स्नायूत तो ढिला सोडला तरी टपटप ऐकू येते, पत्र्यावर थेंब पडावेत तशी.

२०१७च्या निकषांत मात्र ईएमजी नाही. पण म्हणून ती मोडीत काढू नये, असं मला वाटतं. बघा ना, स्टिरॉइडवरच्या रुग्णाला पुन्हा जिना चढवेना. आजार उसळलाय, की औषधानेच स्नायू खंगलेत? एकात डोस वाढवायचा, दुसऱ्यात उतरवायचा! स्टिरॉइडच्या अशक्तपणात ती टपटप सहसा नसते.

हां, सुई शक्यतो एकाच बाजूला टोचतात. दुसरी बायोप्सीसाठी राखायची, नाहीतर टोचल्याची जखमच आजार म्हणून वाचली जायची.