अंगणवाडीचें मूळ

‘अंगणवाडी’ हा शब्द खेड्यापाड्यांतून आज इतका रूढ झाला आहे कीं, तो कोठून आला हें विचारण्याचें कारण कोणास पडत नाहीं. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं ३३ प्रकल्पांत सुरू झाली व तिचीं केंद्रें या नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. त्यामुळें शब्द व कल्पना दोन्ही सरकारी दप्तरांतच जन्मलीं असा अनेकांचा समज आहे. कालक्रम पाहतां तो टिकत नाहीं. या कल्पनेचा उगम ज्या प्रयोगांत आहे तो तीस वर्षें आधींचा असून शिक्षकवर्गानें त्याचा विचार करण्याजोगा आहे. म्हणून हें टिपण.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें कार्य केलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला व १९३६ सालीं मुंबईस दादर येथें शिशुविहार निघाला. परंतु माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचीं साधनें मोलाचीं; तीं शहरांतील सुखवस्तु मुलांपुरतींच राहूं नयेत, या हेतूनें ताराबाई १९४५ सालीं ठाणे जिल्ह्यांतील (हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील) समुद्रकाठच्या बोर्डी गांवीं आल्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथेंच त्यांस येऊन मिळाल्या. त्याच वर्षीं त्या टापूंतील वारल्यांनीं जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हें येथें ध्यानांत ठेवावें. शाळा निघाली ती अशा भूमींत.

बोर्डीच्या बालवाडींत हरिजनवस्तींतील मुलें येईनात. अशा प्रसंगीं सामान्य शाळा मुलांस व त्यांच्या आईबापांस दोष देऊन मोकळी होते. येथें शाळाच उठून वस्तीवर गेली. कोणाच्या तरी अंगणांत मुलें जमवावीं, त्यांस न्हाऊं घालावें, नखें काढावीं, केस विंचरावे आणि मग गाणीं, गोष्टी व खेळ यांस आरंभ करावा, असा क्रम पडला. विकतच्या साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें व काटक्या आल्या. अंगणवाडी ती हीच.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलांच्या गैरहजेरीचीं कारणें निराळीं होतीं. मुली धाकट्या भावंडांस सांभाळीत, मुलगे गुरें राखीत. तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र करून ‘विकासवाडी’ उभारण्यांत आली, म्हणजे भावंडासह मुलीस शाळेंत येतां यावें. आणि गुराख्यांसाठीं जेथें गुरें चरत तेथेंच ‘कुरणशाळा’ भरूं लागली.

कोणताहि कागद हातीं आला म्हणजे तो कोणीं लिहिला हें आपण प्रथम पाहतों. हजेरीपट हाहि एक कागदच आहे, व तो नेहमीं मास्तरानें लिहिलेला असतो. ‘गैरहजर’ या शेऱ्यांत मुलाची बाजू कोठेंच येत नाहीं. आम्हीं स्वतः अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत एका मुलाचें नांव सततच्या गैरहजेरीस्तव कमी केलें होतें. पुढें कळलें कीं, तो बहिणीस कडेवर घेऊन कुंपणापलीकडे उभा राही व पाढे ऐके. नियमाप्रमाणें आमचें वर्तन निर्दोष होतें. तरीहि तें आम्हांस आजवर सलतें.

उपनयन म्हणजे जवळ नेणें, शिष्यास गुरुसमीप नेणें. हा अधिकार धर्मशास्त्रानें शूद्रांस व पुढें स्त्रियांसहि नाकारला. बोर्डीस या शब्दाची दिशाच फिरली. ज्यांस गुरूकडे नेणारें कोणी नव्हतें त्यांच्या दारीं गुरु चालत गेला, आणि त्या कामीं पुढाकार दोघा स्त्रियांचा होता.

मुलाच्या दारीं गेल्यावर शिक्षकास त्याचें घरहि दिसतें. वारल्यांच्या घरीं लग्नप्रसंगीं सुवासिनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढतात. या क्रियेस ते चौक ‘लिहिणें’ म्हणतात. ज्यांची नोंद आपण निरक्षर म्हणून करतों त्यांच्या घरीं लिहिणें आहे व लिहिणारी बाईहि आहे. हें ज्यास ठाऊक झालें तो शिक्षक त्या मुलास कोरी पाटी समजणार नाहीं.

अंगणवाडी हें नांव आज देशभर पसरलें आहे. त्या नांवांतील अंगण मुलाचें होतें, एवढें मात्र विसरूं नये. हजेरीपटांत एखादें नांव लागोपाठ गैरहजर दिसलें, तर त्यावर रेघ ओढण्यापूर्वीं शिक्षकानें एकदां त्या अंगणांत जाऊन यावें. आम्ही गेलों नव्हतों.