जुनी जीप रस्त्यावर भटकते? स्टेअरिंग बॉक्स बदलण्याआधी हे तपासा

सरळ रस्ता, वेग साठच्या आसपास, आणि तरीही जीप कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सरकते. स्टेअरिंग सतत सावरत बसावं लागतं. गॅरेजमध्ये दाखवलं की बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं, "बॉक्स गेला, नवीन टाका." कधी ते खरंही असतं. पण स्टेअरिंग बॉक्स हा या साखळीतला फक्त एक भाग आहे. बाकीचे भाग न तपासता तो बदलला, तर पैसे जातात आणि गाडी भटकायची ती भटकतेच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. घर उमरखेडला. काकांकडे नव्वदच्या दशकातली महिंद्रा एमएम ५४० आहे, आणि सुट्टीत घरी आलो की तिच्याखाली झोपणं हे माझं ठरलेलं काम. बग शोधताना आम्ही जी शिस्त पाळतो, तीच इथेही कामी येते: आधी लक्षण नीट लिहून घ्या, मग सोप्या आणि फुकटच्या तपासण्या करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. या लेखात आपण तोच क्रम बघू.

थोडा प्ले किती महाग पडतो?

आधी एक छोटा हिशोब. एमएम ५४० च्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साधारण २.३ मीटर. वेग ताशी ६० किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. पुढची चाकं फक्त अर्धा अंश वळली आणि तुम्ही एक सेकंद काहीच केलं नाही, तर कागदावरच्या भूमितीप्रमाणे गाडी जवळपास अर्धा मीटर बाजूला जाते. नांदेडहून हदगाव, उमरखेड, महागाव करत यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर समोरून ट्रक आणि बाजूने उसाची ट्रॉली असेल, तर अर्धा मीटर ही छोटी गोष्ट नाही.

आता उलट बाजूने बघू. उदाहरणापुरतं धरू की बॉक्समधून खाली येणारा पिटमन आर्म १५० मिमी लांब आहे, बॉक्सचं गुणोत्तर १४ ला १ आहे आणि स्टेअरिंगचा व्यास ४०० मिमी आहे. आर्मच्या टोकाच्या जोडात १ मिमी ढिलेपणा असेल, तर स्टेअरिंगच्या कडेला तो जवळपास १९ मिमी दिसतो. म्हणजे हाताला जाणवणारा दोन इंचांचा प्ले तीन-चार जोडांच्या थोड्या थोड्या झिजेतूनही तयार होऊ शकतो. त्यात बॉक्सचा वाटा किती, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आधी लक्षण ओळखा

"स्टेअरिंग खराब आहे" एवढ्याने काम भागत नाही. जुन्या जीपमध्ये चार वेगळी लक्षणं असतात:

- ढिलेपणा: स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही.
- भटकणं: गाडी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जाते.
- ओढणं: गाडी कायम एकाच बाजूला जाते. इथे टायरची हवा, ब्रेक चिकटणं, एका बाजूचा बसलेला पाटा यांच्यावर संशय घ्या.
- थरथर: ठराविक वेगाला किंवा खड्ड्यानंतर स्टेअरिंग जोरात हलतं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एका बाजूला आणि सोडला की दुसऱ्या बाजूला जात असेल, तर मागचा ॲक्सल बघा. पाट्यांचे बुश किंवा यू बोल्ट ढिले असले की मागचा ॲक्सल थोडा तिरका होतो आणि मागूनच गाडी वळवतो. स्टेअरिंगमध्ये कितीही शोधलं तरी हा दोष सापडणार नाही.

गाडीत काय काय असतं?

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढच्या कित्येक मॉडेल्सचा मूळ सांगाडा तोच राहिला: सरळ, भक्कम ॲक्सल आणि पाटे. स्टेअरिंग फिरवलं की हालचाल कॉलममधून बॉक्समध्ये, तिथून पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि शेवटी चाकाच्या नकलपर्यंत जाते. जुन्या विलीजमध्ये मध्ये एक बेल क्रँकही असतो. त्याची पिन आणि बेअरिंग झिजणं हे नेहमीचंच. नकल वर-खाली दोन किंगपिनवर फिरतो, आणि ज्या ॲक्सलवर हे सगळं बसलंय तो फक्त पाट्यांनी जागेवर धरलेला असतो. म्हणून पाट्यांमधली ढिलाईसुद्धा स्टेअरिंगचाच दोष वाटते.

तपासणीचा क्रम

१. टायर. चारही टायरची हवा थंड असताना मोजा आणि पुस्तिकेप्रमाणे ठेवा. डाव्या-उजव्या बाजूला वेगळे टायर नकोत. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल रिमच्या आत वाळून बसतो आणि चाकाचा तोल जातो. थरथर असेल तर रिम आतून धुऊन आधी गाडी चालवून बघा. खर्च शून्य.

२. चाकाचं बेअरिंग आणि किंगपिन. जॅक लावून ॲक्सलखाली मजबूत स्टँड द्या. दगड-विटांच्या टेकूवर भरवसा ठेवू नका. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग ढिलं आहे. तशीच राहिली तर किंगपिन. किंगपिनचा ताण शिमच्या पातळ पट्ट्यांनी जुळवतात. पण बेअरिंगच खाल्लेलं असेल तर शिम काढून उपयोग नाही.

३. सगळे जोड. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग प्ले आहे तेवढंच डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. बोट असं ठेवा की जोडाचे दोन्ही भाग एकदम हाताला लागतील. एक भाग हलला आणि दुसरा उशिरा हलला, तर ढिलाई तिथेच आहे. एकटे असाल तर फोन जमिनीवर ठेवून स्लो-मोशन व्हिडिओ काढा. डोळ्यांना न दिसणारा मिलिमीटर त्यात दिसतो. प्रत्येक नटाची स्प्लिट पिन जागेवर आहे ना, तेही बघा.

४. बॉक्स कशावर बसलाय? त्याच हालचालीत बॉक्सकडे बघा. तो स्वतःच चेसिसवर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत, किंवा बोल्टांजवळ चेसिसला तडा गेला आहे. तिथली घाण ब्रशने साफ केल्याशिवाय तडा दिसत नाही.

५. पाटे, बुश, शॅकल, यू बोल्ट. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या बिंदूंतलं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्यात चांगलाच फरक आला, तर ॲक्सल सरकलाय. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की हे होतं.

काकांच्या जीपला एका गॅरेजने नवा बॉक्स सांगितला होता. या पायरीला मागच्या डाव्या पाट्याचा बुश पूर्ण खाल्लेला आणि त्याच बाजूचे यू बोल्ट ढिले निघाले. मी म्हटलं, "काका, तुमची गाडी मागून वळतेय." काका म्हणाले, "अरे, मग मी इतके दिवस पुढचंच काय धरून बसलो होतो?" बुश बदलले, यू बोल्ट आवळले, आणि भटकणं बरंचसं गेलं. बॉक्स अजून जुनाच आहे.

६. टो-इन. पुढची चाकं उचलून फिरवा आणि प्रत्येक टायरच्या मधोमध खडूने रेघ ओढा. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला. मग दोन रेघांमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर समोरून आणि मागून मोजा. समोरचं अंतर किंचित कमी हवं. विलीजच्या कारखाना-पुस्तिकेत हा फरक ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिमी दिलाय. तुमच्या मॉडेलचा आकडा त्याच्या पुस्तिकेतून घ्या. जोड ढिले असताना टो-इन जुळवू नका, ते टिकणार नाही.

७. कॅस्टर. सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा किंगपिनही वरच्या बाजूने थोडा मागे झुकलेला असतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळेच वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. विलीजला हा कोन ३ अंश आहे. पुढे लांब शॅकल लावले, मागचे पाटे उंच केले किंवा पुढचे पाटे बसले, तर कॅस्टर कमी होतो. मग एकही जोड ढिला नसताना गाडी भटकते. सपाट जागेवर गाडी उभी करून किंगपिनच्या सपाट टोपीवर फोन लांबीच्या दिशेने ठेवा आणि कोन मोजणाऱ्या ॲपने वाचा. मग फोन उलट फिरवून पुन्हा वाचा. दोन्हींची सरासरी घेतली की फोनची स्वतःची चूक निघून जाते. अंदाजासाठी एवढं पुरतं. पक्क्या कामासाठी अलाइनमेंटवाल्याकडे जा.

८. शेवटी बॉक्स. बॉक्सवर ॲडजस्टिंग स्क्रू आणि त्याचा लॉकनट असतो. लोक सगळ्यात आधी हाच आवळतात. आपण जास्त वेळ सरळ चालवतो, म्हणून बॉक्स मध्यभागी सगळ्यात जास्त झिजतो. मधला प्ले शून्य होईपर्यंत स्क्रू आवळला, तर वळणावर बॉक्स जाम होतो आणि स्टेअरिंग परत येत नाही. म्हणून चाकं सरळ ठेवा, ड्रॅग लिंक सोडा, स्क्रू अगदी थोडा फिरवा आणि दर वेळी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही अडलं तर स्क्रू मागे घ्या. मध्ये ढिला आणि बाजूला जाम, दोन्ही एकदम असेल, तर बॉक्स खरंच गेला.

दुरुस्तीनंतर

प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवा आणि फरक वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली ते कधीच कळणार नाही. नवे यू बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

गाडी अजिबात बाहेर काढू नये, अशा वेळा

- टाय रॉड किंवा ड्रॅग लिंकचा जोड हाताने वर-खाली हलतो, किंवा स्प्लिट पिन नाही.
- बॉक्सजवळ चेसिसला तडा आहे.
- सेंटर बोल्ट किंवा यू बोल्ट तुटलाय.
- स्टेअरिंग वळणावर अडकतं.

यातलं काहीही दिसलं तर "हळू नेतो गॅरेजपर्यंत" असा विचार करू नका. जोड निसटला की स्टेअरिंग हातात राहतं आणि चाकं हवी तिकडे जातात. मेकॅनिकला घरी बोलवा, किंवा गाडी टो करून न्या.