अमेरिकेच्या भूदलातील शारीरिक क्षमता चाचणी

अमेरिकेच्या भूदलातील शारीरिक क्षमता चाचणी ही तेथील प्रत्येक सैनिकाला ठरावीक काळाने द्यावी लागणारी अनिवार्य परीक्षा आहे. तिच्यात अनुत्तीर्ण होणाऱ्याची बढती रोखली जाते, तसेच पुढील प्रशिक्षणासाठी त्याची निवड होत नाही. वारंवार अपयश आल्यास त्याला सेवेतून कमी करण्याची कार्यवाही सुरू होऊ शकते. त्यामुळे चाचणीत बदल सुचवला गेला की त्याचे पडसाद छावणीबाहेर, प्रसंगी थेट संसदेतही उमटतात. सैनिकाचे सर्वसाधारण आरोग्य मोजायचे की युद्धातील प्रत्यक्ष कामाची त्याची कुवत, हा या वादाचा गाभा आहे. पहिल्या उत्तरात वय आणि लिंग यांनुसार सवलत देणे सयुक्तिक ठरते, दुसऱ्यात ते समर्थनीय ठरवणे कठीण जाते.

जुना विरोध

अशा सक्तीला होणारा विरोध नवा नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस सैन्यातील अधिकाऱ्यांनी तीन दिवसांत ५० मैल चालून किंवा सुमारे १०० मैल घोड्यावरून जाऊन आपली क्षमता सिद्ध करावी, असा आदेश काढला. वृत्तपत्रांतून हा लहरीपणा असल्याची टीका झाली आणि कार्यालयीन कामात मुरलेल्या काही वयस्क अधिकाऱ्यांनी संसदेतील ओळखी वापरून आदेश रद्द करवण्याचे प्रयत्न केले. जानेवारी १९०९ मध्ये रूझवेल्ट स्वतः वॉशिंग्टनहून व्हर्जिनियातील वॉरेंटनपर्यंत घोड्यावरून गेले आणि हिमवृष्टीत त्याच दिवशी परतले. जे अंतर अधिकाऱ्यांना तीन दिवसांत कापायचे होते, ते त्यांनी पन्नाशीत एका दिवसात कापले. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी याच आदेशाची आठवण मरीन दलाला करून दिली, तेव्हा सामान्य नागरिकांतही ५० मैल चालण्याची लाट आली होती.

१९८० ची चाचणी

१९८० पासून सुमारे चार दशके भूदलात तीन प्रकारांची चाचणी होती : दोन मिनिटे जोर, दोन मिनिटे सिट-अप्स आणि दोन मैल धावणे. तिला मोकळे मैदान आणि एक स्टॉपवॉच एवढेच साहित्य पुरत असे. गुणांकन वय आणि लिंग यांनुसार वेगवेगळे होते. १७ ते २१ वयोगटातील पुरुषाला उत्तीर्ण होण्यासाठी ४२ जोर, तर त्याच वयाच्या स्त्रीला १९ जोर पुरेसे होते. दोन मैलांसाठी पुरुषाला १५ मिनिटे ५४ सेकंद, स्त्रीला १८ मिनिटे ५४ सेकंद मिळत. चाचणी सोपी आणि स्वस्त होती, पण जखमी सहकाऱ्याला ओढून नेणे किंवा जड पेटी उचलणे यांच्याशी तिचा संबंध दूरचा होता. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांनंतर हा आक्षेप अधिक जोराने मांडला जाऊ लागला.

नवी चाचणी आणि तिला झालेला विरोध

जुलै २०१८ मध्ये भूदलाने सहा प्रकारांची नवी लढाऊ क्षमता चाचणी जाहीर केली. त्यात डेडलिफ्ट, जड चेंडू डोक्यावरून मागे फेकणे, प्रत्येक वेळी जमिनीवरून हात उचलून मारायचे जोर, धावणे-ओढणे-वाहून नेणे यांची एकत्रित शर्यत, आडव्या दांड्याला लटकून गुडघे कोपरांपर्यंत आणणे आणि दोन मैल धावणे यांचा समावेश होता. एकत्रित शर्यतीत ९० पौंडांची घसरगाडी ओढावी लागे आणि ४० पौंडांची दोन वजने घेऊन धावावे लागे. वय आणि लिंग यांनुसार कोणताही भेद नसणे हे तिचे वैशिष्ट्य होते. स्त्रियांना सर्व लढाऊ पदे खुली करण्याचा निर्णय डिसेंबर २०१५ मध्ये झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

विरोध अनेक बाजूंनी झाला. महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी सरावाला येणाऱ्या नॅशनल गार्डच्या सैनिकांना साहित्य आणि सरावाची जागा मिळणे अवघड होते. डॉक्टर, वकील, संगणकतज्ज्ञ अशा दुर्मीळ कौशल्याच्या सैनिकांना या कसोटीपायी गमवावे लागेल, अशी भीती होती. सर्वाधिक वाद लटकून गुडघे उचलण्याच्या प्रकारावर झाला. किमान एकदा ते करणे आवश्यक होते आणि अनेक स्त्रियांना तेवढेही जमत नव्हते. पोटाचे स्नायू मजबूत असूनही दंडांत आणि पकडीत जोर नसेल तर शून्य गुण मिळत. म्हणजे जे मोजायचे तेच हा प्रकार नीट मोजत नाही, असे टीकाकार म्हणत. हा आक्षेप रास्त होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये कर्स्टन जिलिब्रँड आणि रिचर्ड ब्लूमेंथल या सिनेटरांनी अंमलबजावणी थांबवण्याची मागणी केली. पुढे संसदेने संरक्षण कायद्यातच स्वतंत्र अभ्यास होईपर्यंत स्थगितीची तरतूद केली. हा अभ्यास रँड कॉर्पोरेशनने केला. पदाधिकारी नसलेल्या सैनिकांपैकी दहापैकी नऊ पुरुष उत्तीर्ण होत असताना स्त्रियांपैकी मात्र जेमतेम निम्म्याच उत्तीर्ण होत असल्याचे त्यात दिसून आले.

स्त्री सैनिकांमधील मतभेद

सर्व स्त्री सैनिकांना सवलत हवी होती, असे समजणे चुकीचे ठरेल. रेंजर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक आणि पायदळातील पहिल्या स्त्री अधिकारी क्रिस्टन ग्रीस्ट यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये लेख लिहून लढाऊ पदांसाठी लिंगानुसार वेगळ्या गुणांकनाला विरोध केला. निकष खाली आणल्यास आपण बरोबरीने काम करू शकतो हे सिद्ध केलेल्या स्त्रियांकडेही पुन्हा संशयाने पाहिले जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. याउलट, ज्या स्त्रियांचे काम दवाखान्यात किंवा कार्यालयात होते, त्यांच्या दृष्टीने पायदळाच्या मापाने मोजले जाणे म्हणजे वर्षानुवर्षांची नोकरी एका दांड्यावर टांगणे होते. दोघींच्या भूमिका परस्परविरोधी वाटल्या तरी प्रत्येकीचा मुद्दा तिच्या कामाच्या स्वरूपातून आलेला होता.

२०२२ नंतरचे बदल

मार्च २०२२ मध्ये भूदलाने दांड्यावरचा प्रकार काढून त्याजागी प्लँक आणला आणि वय व लिंग यांनुसार गुणांकन परत सुरू केले. ऑक्टोबर २०२२ पासून पूर्णवेळ सैनिकांसाठी तिचे गुण ग्राह्य धरले जाऊ लागले. मार्च २०२३ मध्ये आणखी एक निर्णय झाला : ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० गुण मिळवणाऱ्याला शरीरातील चरबीच्या मोजणीतून सूट देण्यात आली. धष्टपुष्ट सैनिक निव्वळ वजनकाट्यामुळे अडचणीत येतात, ही जुनी तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली.

१ जून २०२५ पासून चेंडूफेक वगळून पाच प्रकारांची चाचणी लागू झाली. तिच्यात २१ लढाऊ कामांसाठी ५०० पैकी किमान ३५० गुण आवश्यक असून तेथे स्त्री-पुरुष भेद नाही. इतरांसाठी ३०० गुण पुरतात आणि त्यांचे गुणांकन वय व लिंग यांनुसारच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये पीट हेगसेथ यांनी सर्वच दलांत लढाऊ पदांसाठी पुरुषांचा सर्वोच्च निकष लावण्याचे जाहीर केले आणि जनरल पदावरील अधिकाऱ्यांनाही चाचणीतून सूट नसल्याचे बजावले. भूदलाच्या लढाऊ निकषांत वयाची सवलत मात्र कायम आहे. त्यामुळे त्याच तुकडीतील, तोच भार वाहणाऱ्या विशीतील आणि चाळिशीतील सैनिकांना आजही वेगवेगळ्या मापाने मोजले जाते. याविषयी लिंगभेदाइतका वाद झालेला दिसत नाही.