गिटची फसवी सूचना

अनेक माणसें एकाच आज्ञावलीवर काम करूं लागलीं म्हणजे कोणीं, केव्हां, काय बदललें याची रोजकीर्द ठेवावी लागते. ‘गिट’ हें त्या कीर्दीचें साधन. लिनक्सच्या गाभ्याचें काम २००२ पासून बिटकीपर नामक साधनावर चाले. त्याच्या फुकट वापराची मुभा एप्रिल २००५ मध्यें संपली, तेव्हां लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं थोड्याच दिवसांत गिट उभें केलें आणि जुलैंत त्याची जोपासना जुनिओ हमानो यांच्या हातीं सोंपविली.

फुटलेल्या शाखा एकत्र आणण्यास गिटमध्यें दोन मार्ग आहेत. ‘मर्ज’मध्यें दोन्ही ओघ जसेच्या तसे राहतात व संगमाची एक नवी नोंद पडते. ‘रिबेस’मध्यें एका शाखेच्या नोंदी दुसरीच्या टोंकावर पुन्हां लिहिल्या जातात. घोटाळ्याचें बीज या ‘पुन्हां’ शब्दांतच आहे. गिट प्रत्येक नोंदीस बहुधा ४० चिन्हांचें नांव देतें, आणि तें नांव मजकूर, कर्ता, वेळ व आधींची नोंद यांवरून गणितानें निघतें. आधींची नोंद बदलली कीं नांव बदललें. काम तेंच असलें तरी गिटच्या लेखीं ती परकी नोंद होय.

श्रोत्यांनीं कल्पना करावी कीं, एका तरुणानें आपल्या शाखेच्या ३ नोंदी सामायिक भांडारांत पाठविल्या, आणि मग मुख्य शाखेंत पडलेल्या २ नव्या नोंदींवर त्या रिबेस केल्या. आतां स्थिति विचारली तर उत्तर येई: दोन्ही शाखा फुटल्या आहेत, इकडे ५ नोंदी वेगळ्या, तिकडे ३. येथवर सारें खरें. परंतु त्याखालीं कंसांत उपदेश असे कीं, दूरची शाखा आपल्या शाखेंत मिळविण्यासाठीं ‘गिट पुल’ वापरा. काम पाठवूं जावें तर नकार मिळे, आणि त्या नकारांतही ‘पुल’चीच शिफारस. आज्ञाधारक मनुष्य तसें करी. आणि नुकत्याच बाजूला सारलेल्या त्या ३ नोंदी परत येऊन इतिहासांत एकच काम दोनदां दिसूं लागे. न वाचणाऱ्यास ठेंच लागावी हें समजतें. येथें ठेंच लागे ती वाचणाऱ्यास.

सूचनेची बाजूही ऐकली पाहिजे. तिकडच्या ३ नोंदी आपल्याच जुन्या प्रती आहेत कीं सहकाऱ्याचें ताजें काम, हें गिट खात्रीनें सांगूं शकत नाहीं. ‘जबरीनें पाठवा’ असा सल्ला दिला, आणि तें काम सहकाऱ्याचें निघालें, तर तें शाखेवरून पुसलें जाणार. २०१३ मध्यें सावध जबरीची सोय झाली. आपण शेवटचें पाहिल्यानंतर दूरची शाखा बदलली असेल तर ती अडविते. तरीही सूचनेंत तिचें नांव नव्हतें.

२०२० मध्यें, मर्ज कीं रिबेस हें न ठरवितां ‘पुल’ करणाऱ्यास गिट इशारा देऊं लागलें; २०२१ पासून फुटलेल्या शाखांवर तें सरळ अडून बसतें. कंसांतला उपदेश २०२३ मध्यें बदलला: दूरची शाखा आपल्याशीं जुळवावयाची *असेल तर* ‘पुल’ वापरा. त्या दोन शब्दांपायीं किती जणांच्या रात्री गेल्या असतील!

रिबेस करतांना तंटा पडला तर मात्र ‘आपलें’ म्हणजे ज्या शाखेवर लिहावयाचें तिचें, आणि ‘त्यांचें’ म्हणजे स्वतःचें, हा उलटा व्यवहार अजून चालू आहे. हे शब्द उलटे भासतील, अशी कबुली गिटच्या माहितीपुस्तकांतच दिलेली आहे.