दगड आगीतला की पाण्यातला?

आज मी तुम्हाला एका भांडणाची गोष्ट सांगणार आहे. हे भांडण गादीसाठी नव्हतं, दगडावरून होतं. वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या कातळात कोरलंय, तो बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, हे आज शाळेतली मुलंही सांगतात. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातले कितीतरी विद्वान हे मानायला तयार नव्हते.

जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्येच्या शाळेत आब्राहाम वेर्नर १७७५ पासून शिकवत होते. त्यांच्या मते ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट हे दोन्ही खडक आदिसागराच्या पाण्यातून खाली बसत तयार झाले. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या जेम्स हटन यांना हे पटत नव्हतं. १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत त्यांना तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळपट खडकात घुसलेल्या दिसल्या. घुसायचं तर ग्रॅनाइट आधी पातळ असायला हवा. म्हणजे तो वितळलेला होता, आणि भोवतालच्या खडकापेक्षा वयाने लहानही होता.

विरोधकांचा प्रश्न मात्र बिनतोड वाटत होता. दगड वितळवून थंड केला की त्याची काच होते. मग तुमच्या खडकात हे स्फटिक आले कुठून?

उत्तर शोधलं हटन यांचे तरुण मित्र सर जेम्स हॉल यांनी. काचेच्या एका कारखान्यात वितळलेली काच चुकून फार सावकाश निवली आणि पारदर्शक राहण्याऐवजी दगडासारखी अपारदर्शक झाली, हे त्यांच्या कानावर आलं होतं. पण हटन यांना असले प्रयोग पसंत नव्हते. निसर्गाचा एवढा मोठा कारभार छोट्याशा मुशीत डोकावून कळत नाही, असं त्यांचं मत. हॉल यांनी वडीलधाऱ्या मित्राचा मान राखला. १७९७ मध्ये हटन वारले, आणि पुढच्याच वर्षी हॉल यांनी आपले प्रयोग एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले.

त्यांनी बेसॉल्टच्या जातीचा स्थानिक खडक भट्टीत वितळवला. झटकन थंड केला तेव्हा त्याची काळी काच झाली. तीच काच पुन्हा तापवून हळूहळू निवू दिली, तर तिच्यात स्फटिक धरले आणि पुन्हा दगड झाला! व्हेसुव्हियस आणि एटना या ज्वालामुखींचा लाव्हाही तसाच वागला. भांडण लगेच मिटलं नाही, पण विरोधकांचा मोठा आधार गेला.

खडक ओळखताना आपण आजही हेच सूत्र वापरतो. दाणे डोळ्यांना दिसत नसतील, तर रस जमिनीवर येऊन लवकर थिजला. आपला बेसॉल्ट असा आहे. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्याही सापडतात. दाणे ठळक असतील, तर रस खोलवर सावकाश निवला. हंपीचा किंवा हैदराबादचा ग्रॅनाइट बघा: काचेसारखा क्वार्ट्झ, पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार, चमकणारा अभ्रक. रंगही बोलतो. काळ्या खडकात लोह आणि मॅग्नेशियम जास्त, फिकटात सिलिका जास्त.

आणि इथेच या भांडणाचं खरं मोल कळतं. खोलवर निवलेला ग्रॅनाइट आज हंपीत उघड्यावर कसा? त्याच्या डोक्यावरचे कित्येक किलोमीटर खडक ऊन, वारा, पावसाने झिजून गेले म्हणून. त्याला केवढा काळ लागला असेल! पृथ्वीचं वय काही हजार वर्षं मानणाऱ्या युरोपाला हाच काळ पचत नव्हता. आज आपण हंपीच्या ग्रॅनाइटचं वय सुमारे २५० कोटी वर्षं धरतो, सह्याद्रीच्या बेसॉल्टचं साधारण साडेसहा कोटी.

तुम्ही जिथे असाल तिथला एक दगड उचला, ताज्या तुटलेल्या बाजूने भिंगातून बघा. फक्त लेण्यांवर आणि देवळांवर हातोडी चालवू नका. रस्त्याकडेची खडी पुरे!