गोन्साल्विस, अँथनी प्रभू

(१२ जून १९२७–१८ जानेवारी २०१२). व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संयोजक आणि, या नोंदीच्या मते, मुळात शिक्षक. जन्म गोव्यातील माजोर्डा येथे. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. गोव्यातील चर्चच्या शाळांत पोर्तुगीज अमदानीपासून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद दोन्ही उभे राहिले ते बव्हंशी या शिदोरीवर. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हॉटेलात जॅझ वाजवी आणि संगीतकार सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही दिसे, तो याच परंपरेतला. गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले आणि संगीतकार नौशादांच्या वादकांत दाखल झाले. संयोजकांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच झळकत, त्यामुळे त्यांचे नेमके काम गाण्यागणिक दाखवता येत नाही. शिष्य मात्र दाखवता येतात : पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन.

यावर आक्षेप असा की, प्यारेलालांचे पहिले गुरू त्यांचे वडील, ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मा. राहुलदेवांनीही इतरांकडे तालीम घेतली होती. आक्षेप खरा आहे, आणि राहुलदेवांच्या बाबतीत श्रेय जपूनच द्यावे लागते. पण अनेक संगीतकार चाल बांधून स्वरलेखनासाठी गोवेकर संयोजकावर विसंबत, त्या काळात प्यारेलाल आपल्या गाण्यांचे संयोजन स्वतः करीत. व्हायोलिनचा मोठा ताफा कागदावर मांडण्याची ही ताकद व्हायोलिनच्या शिक्षणाशिवाय समजत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : गोन्साल्विसांना शिक्षक नव्हे, रचनाकार व्हायचे होते. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना घेऊन रागांवर आधारलेल्या, पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेल्या रचना सादर केल्या. तो उपक्रम मात्र फार टिकला नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. पुढे माजोर्ड्याला परतून चित्रपटसृष्टीपासून दूरच राहिले. रागाला स्वरमेळाची जोड देण्याचा त्यांचा ध्यास मैफलीत रुजला नाही. चित्रपटगीतांत तो शिष्यांच्या हातून पोचला, हे त्यांना पुरेसे वाटले असते का, हा प्रश्न वेगळा.

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यात ‘अँथनी गोन्साल्विस’ हे नाव आले ते चित्रपटाच्या संगीतकारांपैकी एक असलेल्या प्यारेलालांच्या गुरुऋणातून. अमिताभ बच्चन यांच्या विनोदी पात्रामुळे ते घरोघरी पोचले आणि त्यामागे खरा माणूस आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हते. समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे.