गोलंदाज हा शब्द कुणाचा?

सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने क्रिकेटच्या नियमांतून 'बॅट्समन' हा शब्द काढला आणि त्याजागी 'बॅटर' घातला. मुली क्रिकेट खेळतात, मग त्यांना 'मॅन' कसे म्हणायचे, हा प्रश्न होता. प्रश्न योग्यच होता. पण मराठीला त्या दिवशी काहीही बदलावे लागले नाही. आपला 'फलंदाज' तो असू शकतो आणि तीही. स्मृती मानधना फलंदाज, सचिनही फलंदाज. इंग्रजीने २०२१ मध्ये केलेली दुरुस्ती मराठीत आधीपासून होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

हा शब्द आला कुठून, ते पाहण्यासारखे आहे. आधी 'गोलंदाज' घेऊ. फारसीत 'अंदाज' हा प्रत्यय फेकणारा, टाकणारा या अर्थाने लागतो. तीर फेकणारा तो तिरंदाज, तोफेतून गोळा फेकणारा तो गोलंदाज. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, म्हणजे क्रिकेट आपल्या गल्लीत येण्याच्या कितीतरी आधी, गोलंदाज आहे. तिथे त्याचा अर्थ तोफखान्यातला माणूस. मराठ्यांच्या फौजेत हा शब्द रोजचा होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने ज्या तोफा धडाडल्या, त्या इब्राहिमखान गारद्याच्या गोलंदाजांच्या होत्या. इब्राहिमखान त्या लढाईनंतर पकडला गेला आणि मारला गेला. तोफा गेल्या, फौजा गेल्या, शब्द मात्र मराठीत राहिला. पुढे कधीतरी त्याने तोफ सोडून हातात चेंडू घेतला.

'फलंदाज' हा त्याचा धाकटा भाऊ. फळी अधिक अंदाज. व्याकरणाने अर्थ लावला तर फलंदाज म्हणजे फळी फेकून देणारा! बाद झाल्यावर चिडून बॅट भिरकावणाऱ्या खेळाडूला तो अर्थ लागू पडेल. गोलंदाजाचीही तीच गंमत आहे. शब्दाचा मूळ अर्थ 'फेकणारा', आणि क्रिकेटमध्ये चेंडू फेकला की पंच नो-बॉल देतो. पण शब्द असे व्याकरणाच्या परवानगीने चालत नाहीत. कानाला बरा वाटला, तोंडात बसला, की तो आपला.

हे शब्द तोंडात बसवणारी माणसे आपण विसरलो आहोत. आकाशवाणीवरून मराठी समालोचन घराघरांत नेणारे बाळ ज. पंडित २०१५ मध्ये गेले. क्रिकेटची मराठी बोली घडवण्याचे बरेचसे श्रेय त्यांना दिले जाते. वि. वि. करमरकर २०२३ मध्ये गेले. मराठी वर्तमानपत्रात खेळाला मानाचे पान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा. सीमेपलीकडे कराचीच्या मुनीर हुसेन यांनी १९६९ च्या सुमारास हेच काम उर्दूसाठी केले. इंग्रज साहेबांचा खेळ गावच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगायचा, हा या सगळ्यांचा ध्यास होता.

त्याचा परिणाम काय होतो, हे माझ्या वयाच्या वणीकरांना विचारा. ३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषकाचा सामना, भारत विरुद्ध न्यूझीलंड, आणि तो आपल्या नागपुरात. आमच्या मोहल्ल्यात टीव्ही मोजकेच, एका खोलीत तीस-चाळीस माणसे. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड यांना घालवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. नंतर अंगात ताप असलेल्या गावस्करने ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या, एकदिवसीय सामन्यांतले त्याचे एकुलते एक शतक. समोर नाबाद ४१ वर आमचा लाडका अझर. पण सात-आठ वर्षांच्या वयात माझ्या मनात जे रुतले ते धावांचे आकडे नव्हते. तो दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात वाचलेला शब्द होता. तिघेही 'त्रिफळाचीत'!

काय शब्द आहे! तीन फळ्या म्हणजे तीन यष्ट्या, आणि 'चीत' तर थेट आखाड्यातून आलेला. पहिलवानाची पाठ मातीला टेकली की तो चीत. इंग्रजीत 'बोल्ड' म्हटले की दांड्या उडाल्याचे कळते. मराठीत त्रिफळाचीत म्हटले की फलंदाज उताणा पडलेला दिसतो. आमच्याकडे कुस्तीचा शौक दोन्ही मोहल्ल्यांत होता. त्यामुळे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पुढे शासकीय मैदानावर टेनिस बॉलने खेळताना आम्ही एकमेकांना त्रिफळाचीत केले, पायचीतवरून भांडलो, आणि पंच नेहमी त्यांच्या बाजूचा असतो अशी तक्रार केली.

आता एक साधे वाक्य घ्या. 'गोलंदाजाने मैदान गाजवले, सलामीचा फलंदाज त्रिफळाचीत झाला, दुसरा यष्टिरक्षकाकडे झेल देऊन बाद झाला.' यात गोलंदाज, मैदान, सलामी, बाद हे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. यष्टिरक्षक संस्कृत. चीत आखाड्यातला. झेल अस्सल घरचा. चार घरांचे शब्द एका ओळीत बसले आहेत आणि कुणी कुणाला जात विचारत नाही.

विचारणारे मात्र अधूनमधून येऊन गेले. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७ च्या सुमारास, राज्यव्यवहारकोश झाला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तिने तारखेसाठी 'दिनांक' दिला. तो मी वर्गाच्या फळ्यावर रोज लिहितो, मला त्याची अडचण नाही. गंमत अशी की त्या चळवळीच्या बाजूने उभे राहिलेले कवी माधव जूलियन हे स्वतः फारसीचे प्राध्यापक. १९२५ चा फार्सी-मराठी कोश त्यांचाच. दिनांक आला तरी तारीख गेली नाही. आणि गोलंदाजाला तर कुणी हातही लावू शकले नाही, कारण तोवर तो सगळ्यांच्या तोंडी होता.

एवढे सगळे पचवलेल्या मराठीला इंग्रजी का पचू नये, असे कुणी विचारेल. पचते की! टॉस, विकेट, अंपायर हे आता मराठीच शब्द आहेत. माझी आजी 'विकेट पडली' म्हणायची, आणि इंग्रजीचे एक अक्षरही तिला येत नव्हते. माझी चिडचिड नामांवर नाही, क्रियापदांवर आहे.

मधल्या सुट्टीत मुले बोलतात ते ऐका. 'त्यानं बॉल थ्रो केला, मी कॅच केला, मग त्यानं मिस केला, आम्ही मॅच विन केली.' फेकला, झेलला, हुकला, जिंकली हे चार जिवंत शब्द गेले आणि त्यांच्या जागी एकटा 'केला' राबतो आहे. मराठीत चेंडू टोलवतात, तटवतात, अडवतात, भिरकावतात, सोडून देतात, हलकेच ढकलतात. प्रत्येकात हाताची वेगळी हालचाल आहे. 'शॉट प्ले केला' म्हटल्यावर यातले काय दिसते? गोलंदाज बाहेरून आला तेव्हा त्याने आपले एकही क्रियापद हाकलले नव्हते. इंग्रजी आता पाहुणी म्हणून येते आणि चुलीवर हक्क सांगते.

दुसरी चिडचिड मानाची. आमच्या भागातला मुलगा 'तो बॉलिंग करून राहिला' म्हणाला की शहरातले लोक हसतात. उर्दू शाळेतल्या मुलाच्या मराठीत दखनीचा सूर आला की हसतात. पण क्रीडा स्पर्धेच्या मांडवात सूत्रसंचालक 'नाऊ आय रिक्वेस्ट चीफ गेस्ट टू डिस्ट्रिब्युट द प्राईझ' म्हणतो तेव्हा कुणी हसत नाही. समोर बसलेल्या निम्म्या पालकांना ते कळलेले नसते, तरी टाळ्या पडतात. चुकीच्या इंग्रजीला अदब आणि जिवंत बोलीला हसू, हा हिशेब मला आजवर समजलेला नाही.

याची किंमत मला वर्गात दिसते. 'मी पाहिलेला क्रिकेट सामना' हा निबंध दिला की मुले अडतात. सामना त्यांनी पाहिलेला असतो, खेळलेलाही असतो. प्रत्येक धाव त्यांना पाठ असते. पण सांगायला शब्द नाहीत, ना मराठीत, ना उर्दूत, ना इंग्रजीत. आमच्या समाजातले कितीतरी पालक पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. इंग्रजी शिकलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण घरी उर्दू तुटक, बाहेर मराठी तुटक, शाळेत इंग्रजी तुटक, अशा मुलाच्या हाती शेवटी काय उरते? ज्याला आपला दिवस आपल्या भाषेत सांगता येत नाही, त्याला आपली तक्रार आणि आपला हक्कही सांगता येत नाही.

म्हणून मी वर्गात गोलंदाज फोडून दाखवतो. उर्दूच्या तासाला 'अंदाज' आणि मराठीच्या तासाला 'गोल'. मराठी मुलांना कळते की आपल्या भाषेत फारसी किती खोल आहे. मुस्लिम मुलांना कळते की मराठी ही दुसऱ्याच्या घरची वस्तू नाही, तिच्या विटांत आपल्याही विटा आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. तेव्हा सगळ्या देशांच्या खेळाडूंनी 'खो' म्हणूनच खो दिला. त्याला इंग्रजी प्रतिशब्द कुणी शोधला नाही. शब्द वापरात राहिला तर जगही तो जसाच्या तसा घेते.

आज संध्याकाळी मुलगा मैदानावरून घरी आला की त्याला विचारा, कसा झाला सामना? आणि तो 'कॅच केला' म्हणाला, तर न रागावता एवढेच म्हणा, 'झेललास? वा!'